डॉसवरचा घरपट्टीचा जुना प्रोग्रॅम विंडोज ११ वर चालवायचाय, शेजारच्या ऑफिसचा सेटअप घेतला तर चालेल का?

खारीहवा
नमस्कार मंडळी. सिंधुदुर्गात किनाऱ्यावरच्या एका छोट्या नगरपालिकेत कर विभागात क्लार्क आहे, गावाचं नाव विचारू नका. आमच्याकडे घरपट्टीचा प्रोग्रॅम आहे, फॉक्सप्रो २.६ या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमधला, डॉसवरचा (विंडोजच्या आधीची सिस्टिम). आताची वसुली ऑनलाइन सिस्टिमवर होते त्यामुळे रोज लागत नाही, पण गणपतीत चाकरमानी आले की काउंटरवर रांग लागते, सामायिक घर, पाच भाऊ, त्यातले दोघं वारलेले, आणि प्रत्येकाला जुन्या चतुर्थ वार्षिक आकारणीचा उतारा पाहिजे. नव्या सिस्टिममध्ये तेवढं मागचं काही चढवलेलंच नाही आणि रजिस्टरांची पानं हात लावला की तुटतात. एक्सपीचा जुना पीसी होता त्यावर काम भागत होतं, खाऱ्या हवेने मदरबोर्ड हिरवा पडला होता, तो मेमध्ये गेला. हार्डडिस्क शाबूत आहे. नवीन मशीन विंडोज ११, प्रोग्रॅमवर क्लिक केलं की हे ॲप या पीसीवर चालणार नाही एवढंच म्हणतं.
आता गंमत अशी की शेजारच्या तालुक्यात सेम प्रोग्रॅम आहे आणि त्यांच्याकडे नव्या मशीनवर चालतोय! तिथला माणूस म्हणतो पेनड्राइव्हवर अख्खं फोल्डर देतो, घेऊन जा. साहेब म्हणतात बाहेरचं सॉफ्टवेअर ऑफिसात टाकायचं नाही. मग काय करायचं?

फॉक्सप्रोवाला
क्लिक करून कधीच चालणार नाही. ६४ बिट विंडोजमध्ये १६ बिटचे प्रोग्रॅम चालवणारा भागच नाहीये, आणि विंडोज ११ ला ३२ बिटची आवृत्तीच काढली नाही. शेजारच्यांनी बहुतेक डॉसबॉक्स नाहीतर त्याचाच भाऊबंद वापरला असणार, म्हणजे नव्या पीसीच्या आत जुना पीसी असल्याचं सोंग घेणारं सॉफ्टवेअर. ते फुकट आहे, सोर्सही खुला आहे आणि त्याचं स्वतःचं डॉस आत असतं, त्यामुळे एमएस-डॉसचं लायसन्स शोधत बसू नका.
पण साधा डॉसबॉक्स गेमवाल्यांसाठी केलेला आहे, प्रिंटरच्या नावाने बोंब. ऑफिसच्या कामाला डॉसबॉक्स-एक्स नाहीतर व्हीडॉस बघा, त्यात एलपीटी१ ला, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या पोर्टला, गेलेलं प्रिंट फाइलमध्ये पकडता येतं आणि मग साध्या लेझरवर काढता येतं. फॉक्सप्रो २.६ जलद प्रोसेसरवर उघडता उघडता 'डिव्हाइड बाय झिरो' म्हणून आपटतो, तसं झालं तर सेटिंगमध्ये सायकल्स, म्हणजे सोंगातल्या पीसीचा वेग, कमी करा. सगळ्यात आधी त्या हार्डडिस्कची कॉपी काढा, मूळ डिस्कवर एकही प्रयोग नको.

वेंगुर्ल्याचो
होय तां खरां, पण साहेब काय म्हणतत तां पण बघूक व्हया. पेनड्राइव्हवरना व्हायरस इलो तर नाव कोणाचा येतला? क्लार्काचा. फोल्डर घेव नको, त्येंनी खयची सेटिंग केली ती इचारून घे आणि सॉफ्टवेअर मूळ साइटवरना उतरव.

कातळशिल्प
वेंगुर्लेकरांशी सहमत, पण साहेबांचं 'बाहेरचं नको' हे कारण मला पटत नाही. त्या फोल्डरमध्ये तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, त्या आधी सुट्या करा. डॉसबॉक्स आणि त्याची सेटिंगची फाइल कुणीही कुणालाही द्यावी, त्याचं लायसन्सच तसं आहे. घरपट्टीचा प्रोग्रॅम मात्र ज्याने केला त्याचा असू शकतो, नगरपालिकेने वर्क ऑर्डर देऊन करून घेतला होता की तयार पॅकेज विकत घेतलं होतं ते जुन्या फायलीत बघा. तुम्हाला तर त्यांची एक्सई, म्हणजे प्रोग्रॅमची फाइल, लागतच नाही, तुमची स्वतःची हार्डडिस्कवर आहे. आणि त्यांचा डेटा, म्हणजे त्यांच्या गावच्या लोकांची नावं आणि थकबाकी, ते तर अजिबात घ्यायचं नाही. पेनड्राइव्हवर अख्खं फोल्डर म्हणजे हे सगळं एकत्र येणार, म्हणून मी नको म्हणेन.
सरकारी ऑफिसांनी एकमेकांना सॉफ्टवेअर द्यावं हे काही जगावेगळं नाही हो. केंद्राने २०१५ मध्येच सरकारी ॲप्लिकेशनचा सोर्स खुला करून एकत्र विकसित करायचं धोरण काढलं, त्यासाठी ओपनफोर्ज नावाची साइट आहे. हॉलंडमध्ये राष्ट्रीय ग्रंथालय आणि राष्ट्रीय अभिलेखागार या दोघांनी मिळून डायॉस्क्युरी नावाचा इम्युलेटर, म्हणजे डॉसबॉक्ससारखंच जुन्या पीसीचं सोंग घेणारं सॉफ्टवेअर, केला, २००७ मध्ये बाहेर आला, मुद्दाम जावामध्ये लिहिला म्हणजे पुढे कुठलाही कॉम्प्युटर आला तरी त्यावर चालावा. अमेरिकेत तर डिसेंबर २०२४ मध्ये कायदाच झाला की केंद्रीय खात्यांनी खास करून घेतलेला कोड एकमेकांना द्यायचा. आपल्याकडे शेजारचा तालुका तोच खड्डा पुन्हा खणतो, आणि दोन्हीकडे बिल वेगळं निघतं.

खारीहवा
धन्यवाद मंडळी. डॉसबॉक्स-एक्स मूळ साइटवरून घेतला, हार्डडिस्कच्या कॉपीवरच ट्राय केलं, मेनू आला!! इंग्रजी मेनू ठीक, वॉर्ड नंबर, घर नंबर, रक्कम सगळं बरोबर. पण मालकाच्या नावाच्या जागी नुसत्या रेघा, चौकटी आणि भलतीच अक्षरं. डेटा खराब झाला का? शेजारच्यांनी म्हणे नावं इंग्रजीत भरली होती त्यामुळे त्यांना हा त्रासच नाही.

फॉक्सप्रोवाला
डेटा ठणठणीत आहे, घाबरू नका. जुन्या पीसीच्या आधी कधीतरी एक जाडजूड कार्ड लावलेलं होतं का? सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं जिस्ट कार्ड. डॉसला देवनागरी कळत नव्हती म्हणून ते कार्ड पडद्यावर अक्षरं काढायचं. नंतर हेच काम करणारं सॉफ्टवेअरही आलं, एक्सपीवर तुमच्याकडे ते असणार. डॉसबॉक्स साउंड कार्डचं सोंग घेतो, जिस्टचं घेत नाही.
फाइलमध्ये नावं इस्की कोडमध्ये पडलेली असणार, भारतीय मानक १३१९४, १९९१ चं. त्यात पहिले १२८ कोड इंग्रजीचे तसेच ठेवून वरच्या १२८ मध्ये आपली अक्षरं बसवलीत, म्हणून तुमचे आकडे नीट दिसतात आणि नावं बिघडतात. युनिकोडची, म्हणजे आताच्या कॉम्प्युटर-मोबाइलवरच्या कोडची, देवनागरी इस्कीवरूनच उचललेली असल्यामुळे रूपांतर बरंचसं कोष्टक लावून होतं, अडतं ते पाय मोडलेल्या अक्षरांशी, दोन हलंत लागोपाठ किंवा हलंत आणि नुक्ता असं आलं की त्याचा अर्थ वेगळा होतो. आयसीयू नावाची खुली लायब्ररी आहे, तिच्यात इस्कीचा कन्व्हर्टर तयार मिळतो. नशीब समजा की नावं डीव्ही-टीटी योगेश वगैरे फॉन्टमध्ये टाईप केलेली नाहीत, तिथे अक्षर नाही तर अक्षराचे तुकडे साठवलेले असतात, वेलांटी कुठली कुणाची ते शोधताना डोकं फिरतं.
त्यामुळे माझ्या मते प्रोग्रॅम फक्त आकारणीचा हिशोब ताडून बघायला चालवा, नावं डीबीएफमधून, म्हणजे फॉक्सप्रोच्या डेटा फाइलमधून, सरळ काढून बदलून घ्या. पन्नासेक नावं रजिस्टरशी ताडा, त्यात 'कृष्णाजी', 'लक्ष्मण', 'सावित्री' अशी जोडाक्षरांची नावं मुद्दाम निवडा.

वेंगुर्ल्याचो
आणि ता मशीन नेटाक लावू नको. जुन्या प्रोग्रॅमाक पासवर्ड म्हणजे काय ता म्हायत नसता.

कातळशिल्प
एक राहिलं. वाटणीच्या दाव्यात हे उतारे कोर्टात जाणार. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डबरोबर सर्टिफिकेट लागतं आणि त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला तिचा जणू अंगठ्याचा ठसा, द्यावी लागते. म्हणून रूपांतर करायच्या आधीच मूळ डीबीएफचा हॅश काढून फायलीवर साहेबांची सही घ्या, आणि बदललेल्या फाइलचा वेगळा काढा.

खारीहवा
हॅशचं साहेबांना एकदम पटलं, सहीचं म्हटल्यावर लक्ष दिलं त्यांनी. आता असं ठरलंय की शेजारच्यांकडून फक्त सेटिंगची फाइल पत्र देऊन मागवायची, आणि इस्कीचं कोष्टक जमलं की आपण त्यांना नाही पण अजून एका नगरपालिकेला पाठवायचं, त्यांच्याकडेही नावं मराठीत आहेत आणि त्यांचा एक्सपी अजून जिवंत आहे. फॉक्सप्रोवाला साहेब, डीबीएफमध्ये मेमो फील्ड (लांब मजकुराचा रकाना) असेल तर एफपीटी फाइलपण सोबत घ्यायची ना? आमच्यात 'शेरा' म्हणून एक रकाना आहे, वारसांच्या नोंदी सगळ्या त्यात आहेत.

फॉक्सप्रोवाला
घ्यायलाच पाहिजे, शेरा डीबीएफमध्ये नसतोच, तिथे फक्त एफपीटीतला पत्ता असतो. दोन्ही फाइल्सची नावं सेम ठेवा आणि हॅश दोन्हीचा काढा.