गोल्फच्या बॅगेत दोन पटर ठेवावेत का? लांबचा वेगळा, जवळचा वेगळा

पाचफुटी:
नमस्कार मंडळी. अकरा वर्षं गोल्फ खेळतोय, हँडिकॅप १६, म्हणजे मधल्या दर्जाचा. एका गोष्टीने दोन महिने डोकं खाल्लंय, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्याकडे दोन पटर आहेत, म्हणजे ग्रीनवर (कपाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) चेंडू घरंगळवत कपात घालायचे क्लब. एक जुना ब्लेड, म्हणजे पातळ डोक्याचा, ३४ इंची. इतका वापरलाय की ग्रिपवर अंगठ्याची जागा गुळगुळीत झालीय. चाळीस फुटांवरून मारला तरी चेंडू कपाच्या आसपास येऊन थांबतो, किती जोर लावायचा ते हातालाच कळतं. पण चार-पाच फुटांचा पट (पटरचा फटका) आला की याच ब्लेडचा फेस, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, माझ्याकडून किंचित उघडतो आणि चेंडू उजव्या कडेला चाटून जातो. मागच्या स्पर्धेत शेवटच्या सहा होलांत चार पट असेच गेले. त्या रात्री झोप लागली नाही.

दुसरा मोठ्या डोक्याचा मॅलेट, ३५ इंची, जाड ग्रिपचा. जवळून मारताना तो वळतच नाही, रेघेवर सरळ जातो. मात्र तीस फुटांवरून कधी आठ फूट अलीकडे, तर कधी सहा फूट पलीकडे.

नुसतं वाटतंय म्हणून सांगत नाही. तीन संध्याकाळी सरावाच्या ग्रीनवर वही घेऊन बसलो. पाच फुटांवरून प्रत्येकी ५० पट मारले. ब्लेडने २९ कपात गेले, मॅलेटने ३८. पस्तीस फुटांवरून प्रत्येकी ३० मारले आणि तीन फुटांच्या आत किती थांबतात ते मोजलं. ब्लेडचे २१, मॅलेटचे ११.

मग दोन्ही बॅगेत का नकोत? नियमात बसतं ना? आणि जागा कुठून काढू? सध्या ड्रायव्हर, ३-वुड, ५-वुड, ४-हायब्रिड, ५ ते ९ आयर्न, पिचिंग वेज, ५०, ५४ आणि ५८ अंशांचे वेज (जवळच्या उंच फटक्यांचे क्लब) आणि ब्लेड असे चौदा भरलेत. ज्यांनी खरंच दोन पटर घेऊन खेळून पाहिलंय त्यांचं ऐकायचंय.

मार्कर:
नियमात पूर्ण बसतं. मर्यादा १४ क्लबांची आहे, त्यात पटर किती असावेत यावर बंधन नाही. अमेरिकेत हा नियम १९३८ साली आला, आर अँड ए या ब्रिटनमधल्या नियमसंस्थेने पुढच्या वर्षी लागू केला.

दोन पटरचा विचार करणारे बरेच जण आधी एकाच पटरमध्ये सोय शोधतात, म्हणून तेही सांगतो. दोन तोंडांचा पटर चालतो, पण दोन्ही फेस एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना आणि अगदी सारख्या गुणधर्मांचे हवेत. एका बाजूला कमी लॉफ्ट (फेसचा कल), दुसऱ्या बाजूला जास्त, असं चालत नाही. वजनाचे स्क्रू बदलता येणारा पटर घेता येतो, पण फेरी चालू असताना ते बदलून पट मारला की थेट बाद. म्हणजे एका फेरीत दोन वेगळे स्वभाव हवे असतील तर दोन पटरच लागतात.

धोका मोजणीचा आहे. सरावाच्या ग्रीनवर दोन्ही पटर नेले जातात, मग दोन्ही बॅगेत परततात आणि वेज काढायचा राहून जातो. २००१ च्या ब्रिटिश ओपनमध्ये, रॉयल लिदम अँड सेंट ॲन्सच्या मैदानावर, वेल्सचा इयान वूस्नम शेवटच्या दिवशी पहिल्या होलवर बर्डी (ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी) करून दुसऱ्या टीवर, म्हणजे पुढच्या होलच्या सुरुवातीला आला, तेव्हा बॅगेत १५ क्लब निघाले. जास्तीचा होता दुसरा ड्रायव्हर. दोन स्ट्रोकांचा (फटक्यांचा) दंड बसला आणि तो संयुक्त तिसरा आला. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या प्रकारात) दंड चूक झालेल्या प्रत्येक होलला दोन स्ट्रोक, जास्तीत जास्त चार. जादा क्लब लक्षात आल्यावर पुढचा स्ट्रोक मारण्याआधी तो बाजूला काढल्याचं मार्करला (आपले फटके लिहिणाऱ्याला) सांगावं लागतं, किंवा बॅगेत उलटा ठेवण्यासारख्या खुणेने दाखवावं लागतं.

तुमची अजून खात्री नसेल तर १३ घेऊन सुरुवात करा. खेळ न थांबवता चौदावा मध्येच घेता येतो, फक्त मैदानावर खेळत असलेल्या दुसऱ्या कुणाचा घ्यायचा नाही.

जुनीग्रिप:
मी एक पूर्ण मोसम दोन पटर घेऊन खेळलोय, अगदी तुमच्यासारखीच वाटणी करून. जे आधी कुणी सांगितलं नव्हतं ते सांगतो.

लांबचा पट ब्लेडने मारला, चेंडू तीन फुटांवर थांबला. आता मॅलेट हवा, आणि तो ग्रीनच्या त्या टोकाला बॅगेत! म्हणजे दोन्ही पटर ग्रीनपर्यंत न्यायचे, एक फ्रिंजवर (ग्रीनच्या कडेच्या गवतावर) ठेवायचा, पट मारायचा, चेंडू मार्क करायचा, क्लब बदलायचा. प्रत्येक होलला हेच. स्ट्रोकला ४० सेकंदांपेक्षा जास्त लावू नयेत अशी नियमांची शिफारस आहे आणि सोबतचे लोक बोलत नसले तरी बघत असतात. दोनदा मी मॅलेट फ्रिंजवरच विसरलो. एकदा मागच्या गटाने आणून दिला, एकदा मलाच पळत मागे जावं लागलं. यावर उपाय सापडला. जो पटर नको तो ग्रीनच्या बाहेर कुठेही न टाकता पुढच्या टीच्या वाटेवर, फ्लॅगच्या काठीशेजारी ठेवायचा. काठी उचलताना तो दिसतोच.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. पाच फूट आणि पस्तीस फूट सोपे. बारा फुटांचं काय? तिथे मी चेंडूवर उभा राहून क्लबचा विचार करायचो, आणि पट मारताना क्लबचा विचार डोक्यात असला की काम संपलंच. म्हणून मी हद्द ठरवली आणि ती पावलांत मोजली. तीन पावलांच्या आत मॅलेट, त्यापलीकडे ब्लेड, उतार कसाही असो. आठ फुटांवरून अमेरिकी पीजीए टूरवरचे व्यावसायिक खेळाडूही साधारण निम्मेच पट घालतात, आणि तेहतीस फुटांच्या आसपास त्यांची सरासरी दोन पटांवर येते. त्यामुळे बारा फुटांवर 'घालायचाच' हा हट्ट सोडला आणि तिथेही वेगालाच मान दिला. हद्द ठरल्यावर शेवटचे दोन महिने मी मनापासून आनंदाने खेळलो.

क्लब काढायचा तर ५-वुड काढा. ४-हायब्रिड आणि ३-वुडमध्ये तेवढी जागा निभावते. ५० अंशांच्या वेजला हात लावू नका. ग्रीनजवळचं अंतर चुकलं तर ते पटरवरच येऊन पडतं.

फ्रिंजवरून:
पाचफुटी, तुमची वही वाचून बरं वाटलं. इतकं मोजून कुणी विचारत नाही. पण तिच्यात मला एक वेगळी गोष्ट दिसली.

तुमचे पटर फक्त डोक्याने वेगळे नाहीत. लांबी ३४ आणि ३५, ग्रिप बारीक आणि जाड. एका इंचाने डोळ्यांची चेंडूवरची जागा बदलते, हात बदलतात, लायही (दांड्याचा जमिनीशी कोन) बदलते. लांबच्या पटात मॅलेट चुकतो तो डोक्यामुळे की जाड ग्रिपमुळे? जाड ग्रिप मनगट शांत ठेवते म्हणून जवळून फायदा होतो. पण लांबून जोराचा अंदाज बोटांतूनच येतो, आणि तो तिथे हरवतो. मी हाच अनुभव घेतलाय. मॅलेटवर मधल्या जाडीची ग्रिप बसवली आणि दोन आठवड्यांत लांबचे पट परत आले.

आधी ग्रिप बदलून तीच मोजणी पुन्हा करा. शाफ्ट (दांडा) मात्र घाईने कापू नका. अर्धा इंच कापला तरी डोकं हातात हलकं वाटायला लागतं आणि कापलेलं परत जोडता येत नाही.

एवढं करूनही आकडे तसेच राहिले तर बिनधास्त दोन घ्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही. चार वेज घेऊन फिरतो तेव्हा कुणी विचारत नाही, आणि फेरीतले तीसेक स्ट्रोक ज्या क्लबने मारतो तो मात्र एकच हवा, असं का?

पाचफुटी:
सगळ्यांचे मनापासून आभार. ग्रिपचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. काल मधल्या जाडीची बसवून घेतली. आज पस्तीस फुटांवरून तीसपैकी १६ पट तीन फुटांच्या आत थांबले, आधी ११ होते. पाच फुटांवरून पन्नासपैकी ३७, म्हणजे तिथे जवळपास काहीच गमावलं नाही.

ब्लेडचे २१ अजून पुढेच आहेत. म्हणून पुढच्या चार फेऱ्या ५-वुड घरी ठेवून दोन्ही पटर नेतो, तीन पावलांची हद्द पाळतो आणि पहिल्या टीवर क्लब मोठ्याने मोजतो. कोणत्या होलवर कोणता पटर आणि किती पट, सगळं वहीत लिहीन. चार फेऱ्या झाल्या की आकडे इथेच टाकतो.

जुनीग्रिप, एक राहिलं. चेंडू फ्रिंजवर असेल आणि कप दोन पावलांवर, तर तुम्ही कोणता घ्यायचात?

जुनीग्रिप:
ब्लेड. गवतातून निघताना चेंडू आधी उडी घेतो, तिथे हाताला कळायला हवं.