रात्री उठल्यावर बाबांना अंधारी येते, नसा आवळत नाहीत म्हणजे काय?

गिरणगावकर:
बाबा ७१ वर्षांचे, लालबागला चाळीत राहतो, संडास गॅलरीच्या टोकाला. महिन्यापूर्वी प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन सुरू झाली आणि तेव्हापासून रात्री उठले की डोळ्यांपुढे अंधारी, परवा तर कठडा धरून खालीच बसले. डॉक्टर घाईत म्हणाले, उभं राहिल्यावर नसा आवळायला पाहिजेत त्या आवळत नाहीत. पण नसांना आवळायला सांगतं कोण? आणि प्रोस्टेटच्या गोळीचा काय संबंध?

फिजिओलॉजीवाली:
आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि नर्व्हलाही, म्हणजे निरोप नेणाऱ्या तंतूलाही, तिथेच घोळ होतो. डॉक्टरांच्या नसा म्हणजे रक्तवाहिन्या. उभं राहिलं की साधारण अर्धा लिटर रक्त पोटापायांकडे उतरतं, मानेतल्या धमनीत आणि महाधमनीच्या कमानीत ताण ओळखणारे सेन्सर आहेत ते लगेच मेंदूच्या देठाला कळवतात, तिथून सिम्पथेटिक नर्व्हमधून (आपल्या नकळत आपोआप काम करणारी नर्व्ह) निरोप वाढतो, नर्व्हच्या टोकाला नॉरॲड्रेनालिन नावाचं रसायन सुटतं, ते रक्तवाहिनीच्या स्नायूवरच्या अल्फा-१ रिसेप्टरवर, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागेवर, बसतं आणि स्नायू आवळतो. सगळं काही सेकंदांत. आता तसेच रिसेप्टर प्रोस्टेटच्या स्नायूवरही असतात, गोळी ते अडवून लघवीची वाट मोकळी करते. टॅम्सुलोसिन प्रोस्टेटमधल्या प्रकारावर जास्त चालते, पण थोडी रक्तवाहिन्यांवरही चालतेच, म्हणून त्या नीट आवळत नाहीत आणि अंधारी येते.

बोरिवली_फास्ट:
म्हणजे सिम्पथेटिक आवळते आणि तिच्या उलट काम करणारी पॅरासिम्पथेटिक नर्व्ह सैल करते, बरोबर?

फिजिओलॉजीवाली:
नाही हो, हृदयाला असे दोन उलट निरोप जातात पण बहुतेक रक्तवाहिन्यांना पॅरासिम्पथेटिक नर्व्ह जातच नाही. सिम्पथेटिकचा निरोप चोवीस तास थोडा थोडा चालूच असतो, वाढला की आवळतात, कमी झाला की सैल पडतात. १८५१ मध्ये क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने सशाच्या मानेतली सिम्पथेटिक नर्व्ह कापली तर त्या बाजूचा कान लाल आणि गरम झाला, म्हणजे काहीच करत नाही असं वाटणारी नर्व्ह आधीपासून काम करतच होती. मला हा प्रयोग फार आवडतो.

वॉर्डातली_ताई:
दादा, गोळी मनाने बंद करू नका पण डॉक्टरांना उद्याच सांगा. बीपी आधी झोपवून आणि मग उभं करून ३ मिनिटांच्या आत घ्यायला सांगा, वरचा आकडा २० ने उतरला तर ते महत्त्वाचं आहे. बीपीची वेगळी गोळी चालू असेल तर तीही दाखवा. रात्री आधी पलंगावर पाय सोडून बसू दे, पोटऱ्या हलवू दे, मग उठू दे. आणि संडासला एकटं पाठवू नका.

गिरणगावकर:
ताई, बीपीची गोळी आहे ना, ४ वर्षांपासून! हे कुणी विचारलंच नाही. सकाळीच दोन्ही पाकिटं घेऊन जातो.