नोकरीच्या धावपळीत रोजचे रेखाटन टिकवायचे कसे?

कोरा कागद:
मी डोंबिवलीला राहते आणि फोर्टमधील एका कार्यालयात लेखा विभागात काम करते. सकाळी सव्वासातला घर सोडले की परत येईपर्यंत रात्रीचे पावणेनऊ वाजतात. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या, पण त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे पेन्सिल हातात धरली ती केवळ आकडेमोडीसाठी. यंदा पाडव्याला ए-४ आकाराची जाड चित्रवही आणली आणि रोज एक चित्र काढायचे ठरवले. ते सलग १९ दिवस जमले. विसाव्या दिवशी लेखापरीक्षणाचे काम निघाले, चार दिवस वही उघडली गेली नाही आणि त्यानंतर तर ती उघडण्याचीच लाज वाटू लागली. नोकरी सांभाळून ज्यांनी ही सवय वर्षानुवर्षे टिकवली आहे, त्यांनी वेळ नेमका कोठून काढला? गाडीत बहुधा उभ्यानेच प्रवास होतो आणि सहप्रवाशांची चित्रे काढणे योग्य आहे की नाही, याबद्दलही मनात संकोच आहे.

शाईचा डाग:
अडचण वेळेची कमी आणि वहीची अधिक आहे, असे माझे मत आहे. ए-४ कागद समोर आला की तो भरला पाहिजे असे वाटते आणि थकलेल्या माणसाला ते दडपण पुरे होते. ए-६ वही, म्हणजे १०५ × १४८ मिलिमीटरची, ए-४च्या बरोबर चौथाई असते. ती पर्समध्ये मावते आणि पाच मिनिटांत तिचे पान भरते. सोबत पाण्याने न पसरणाऱ्या शाईचे एकच पेन ठेवावे. २बी पेन्सिल छान चालते खरी, पण पिशवीत पाने एकमेकांवर घासून सगळे चित्र करडे होते. पावसाळ्यात वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी, कारण मुंबईच्या दमट हवेत कागद ओल धरतो आणि साधी शाई त्यावर फुटते.

वेळ घड्याळाशी न बांधता एखाद्या ठरलेल्या कृतीशी बांधावी. मी जेवणाच्या सुट्टीत हात धुऊन आल्यावर, डबा उघडण्यापूर्वी, त्या डब्याचेच चित्र काढतो. एकच डबा महिनाभर काढण्यात काय मिळते, असे सहकारी विचारतात. गोल डब्याची कड डोळ्यांच्या पातळीवर असेल तर ती सरळ रेषा दिसते आणि जसजशी ती खाली जाते तसतशी लंबवर्तुळासारखी उघडत जाते. म्हणून टेबलावरच्या डब्याचा तळ वरच्या कडेपेक्षा अधिक गोलाकार काढावा लागतो. हे नियम म्हणून मला ठाऊक होते, पण हाताला समजायला तीन आठवडे लागले.

खडू-फळा:
मी निवृत्त कलाशिक्षक आहे. वरील उत्तरातील लहान वहीची सूचना मला पटते, पण महिनाभर एकच डबा काढल्याने कंटाळा येणारच, असे वाटते. आपण ग्रेडच्या परीक्षा दिल्या आहेत, तेव्हा स्मरणचित्राचा पेपर आठवत असेलच. गर्दीच्या गाडीत वही काढता येत नाही, पण पाहता तर येते. डोक्यावरची कडी धरलेला एखादा हात निवडावा, अंगठा कोणत्या बाजूने आला आहे, मनगट कोठे वळले आहे, ताण कोणत्या बोटांवर आहे हे दोन मिनिटे नीट पाहावे आणि उतरल्यावर फलाटावरच्या बाकावर बसून ते आठवून काढावे. जेथे रेषा अडते, तेथे आपले पाहणे कमी पडले होते असे समजावे आणि दुसऱ्या दिवशी तेवढेच पाहून घ्यावे. चेहऱ्याऐवजी हात, पाठ, पिशवी, चपला निवडल्या तर टक लावून पाहिल्यासारखेही होत नाही.

शिवाय आपण रोज ज्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमध्ये उतरता, ती इमारत म्हणजे चित्रवहीच आहे. १८७८ मध्ये सुरू झालेले तिचे बांधकाम दहा वर्षे चालले आणि तिच्यावरील दगडी नक्षीकामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. प्रवेशद्वाराच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ आहे. भिंतींवर मोर, माकडे, पानेफुले आहेत. संपूर्ण इमारत काढण्याच्या फंदात मुळीच पडू नये. एक दिवस, एक पान किंवा एक पंजा.

अर्धविराम:
खंड पडल्याबद्दल लिहितो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास केला होता आणि तो २०१० मध्ये छापून आला. कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असे त्यात दिसले, मात्र व्यक्तीनुसार हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडत नाही, असेही आढळले. त्या सवयी जेवणासोबत फळ खाण्यासारख्या सोप्या होत्या, त्यामुळे रेखाटनाला अधिक काळ लागेल असे मी धरून चालतो. १९ दिवसांवर निकाल लावण्याची घाई करू नये. मी स्वतः घरात लहान मूल असल्याने शनिवार-रविवार वही उघडतच नाही. चुकलेल्या दिवसांसाठी कोरी पाने सोडण्याची सवयही मोडली, कारण ती पाने पुढे थकलेल्या हप्त्यांसारखी छळतात.

कोरा कागद:
सर्वांचे आभार. नवी वही विकत न घेता घरातलाच ए-४ कागद दोनदा दुमडून कापला आणि ए-६ची चार पाने, म्हणजे पाठपोट आठ पृष्ठे, टाचून घेतली. आज डबा काढून पाहिला. तळ वरच्या कडेपेक्षा सपाटच आला आणि तो चुकला आहे हे काढताना लगेच लक्षात आले. सिंहाच्या पंजासाठी उद्या एक गाडी आधीची पकडणार आहे. कडीवरच्या हाताचे मात्र काही जमले नाही, कारण मशीद बंदर येईपर्यंत अंगठा कोणत्या बाजूला होता हेच मी विसरून गेले होते.