सल्ला हवा: लेकीकडे टॅम्पाला (फ्लोरिडा) चाललोय, निसर्गात फिरायला कुठे जावं?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. डिसेंबरात आम्ही दोघं लेकीकडे टॅम्पाला निघालोय, मार्चअखेरपर्यंत मुक्काम आहे. मी 66 वर्षांचा, निवृत्त. सौ.चे गुडघे दुखतात, पण सपाट रस्ता असेल तर दीड-दोन किलोमीटर निवांत चालते. चढ-पायऱ्या नकोत. अंजनेरीचा डोंगर आता तिने सोडलाच आहे.

नाशकात हिवाळ्यात आमचं ठरलेलं असतं. थर्मासमध्ये चहा, डब्यात दशम्या आणि पहाटे नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य. चापडगावच्या मनोऱ्यावर तीन-तीन तास कसे जातात कळत नाही. तसं काही तिकडे मिळेल का? डिस्ने वर्ल्ड नातवासाठी एकदा होईलच, त्याची चौकशी नाही. लेक-जावई दोघं नोकरीवाले, त्यामुळे लांबचं फिरणं शनिवार-रविवारीच. जे स्वतः जाऊन आलेत त्यांनी सविस्तर लिहावं.

सीमा_सातपूर
काका, मी सहा वर्षं टॅम्पात होते, त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही. तुमची वेळ अगदी बरोबर आहे. डिसेंबर ते मार्च तिथे कोरडा हंगाम असतो, डास कमी आणि पहाटे स्वेटर लागेल इतका गारवा.

सगळ्यात आधी अपोलो बीचचं मॅनटी केंद्र. मॅनटी म्हणजे पाण्यात राहणारा, गवत खाणारा, तीनेक मीटर लांब, अतिशय शांत प्राणी. तिथे विजेचा कारखाना आहे, आपल्या एकलहऱ्यासारखा. त्याचं कोमट पाणी कालव्यातून खाडीत सोडतात. खाडीचं पाणी 20 अंशांच्या खाली गेलं की मॅनटींना ते सोसत नाही, म्हणून सगळे त्या कोमट पाण्यात येऊन पडून राहतात. त्यामुळे उबदार दिवशी गेलात तर एखाददुसरा दिसेल. थंडीची लाट आली की दुसऱ्या दिवशी सकाळी जा, शेकडोंनी असतात. प्रवेश फुकट, 1 नोव्हेंबर ते 15 एप्रिल एवढंच उघडं असतं. बघायला लाकडी फळ्यांचा सपाट मार्ग आहे, काकूंना काहीच त्रास नाही.

दुसरं, लेकलँडजवळचं सर्कल बी बार रिझर्व्ह, गाडीने तासाभरावर. हेही फुकट. पूर्वी तिथे गुरांचं रान होतं, चराईसाठी दलदलीतलं पाणी काढून टाकलेलं. नंतर पाणी परत आणलं आणि पक्षीही परत आले. मार्श रॅबिट रन नावाची वाट घ्या, एका बाजूला ओकची सावली, दुसऱ्या बाजूला दलदल. मी तिथे किती रविवार काढलेत, सांगता येणार नाही. घराजवळ लेट्यूस लेक पार्क आहे, तिथेही नदीकाठाने फळ्यांचा मार्ग आहे. पण 2024 मध्ये हेलेन आणि मिल्टन ही दोन वादळं पाठोपाठ आली आणि किनाऱ्यावरच्या, नदीकाठच्या बऱ्याच वाटांची नासधूस झाली. कुठेही निघण्याआधी वाट उघडी आहे का ते त्या पार्कच्या वेबसाइटवर बघाच.

निफाडचा_बगळा
दादा, तुम्ही नांदूरवाले म्हणजे आपल्यातलेच. आपला तिरंदाज तुम्हाला तिकडे अनहिंगा म्हणून भेटेल, सख्खा भाऊबंद. तसाच मान पाण्याबाहेर काढून सापासारखा पोहतो, तसाच मासा चोचीत भोसकतो. त्याची पिसं पाण्यात भिजतात, म्हणून बाहेर आला की पंख पसरून वाळवत बसतो. फरक एवढाच, नांदूरला तो दुर्बिणीतून बघावा लागतो आणि तिथे कठड्यावर हाताच्या अंतरावर बसलेला असतो.

चमचा पक्षीही आहे, पण गुलाबी! त्यासाठी सॅनिबेल बेटावरचं डिंग डार्लिंग अभयारण्य करा. साडेसहा किलोमीटरचा रस्ता, गाडीतूनच बघता येतं. दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. शुक्रवारी तो रस्ता बंद असतो. आणि ओहोटीची वेळ बघून जा. भरतीत नुसतं पाणी दिसतं, ओहोटीत चिखल उघडा पडला की पक्षी खायला उतरतात. आम्हा देशावरच्यांना भरती-ओहोटी बघायची सवय नसते. मी पहिल्या खेपेला अडीच तास गाडी हाकून भर भरतीत पोहोचलो आणि चार बगळे बघून परत आलो.

वाटसरू_इंदिरानगर
आम्ही जूनमध्ये गेलो होतो, तसं कुणी करू नका. रोज दुपारी विजांचा पाऊस, डास वेगळेच. एका ओळखीच्या सहल कंपनीने "वर्षभर छान हवा" सांगून तिकिटं काढून दिली होती. शिवाय उन्हाळ्यात समुद्रात उतरताना पाय उचलून टाकायचा नाही, वाळूत घासत चालायचं. वाळूखाली स्टिंगरे मासे पडलेले असतात, पाय पडला की काटा मारतात. हे आम्हाला किनाऱ्यावरच्या एका आजींनी सांगितलं म्हणून वाचलो.

रानवाटा
एव्हरग्लेड्सचं, म्हणजे दक्षिण फ्लोरिडातल्या दलदलीच्या राष्ट्रीय उद्यानाचं, कुणीच लिहिलं नाही? टॅम्पाहून चार-साडेचार तास लागतात, म्हणून एक रात्र मुक्काम धरा, पण सोडू नका. नांदूरसारखंच तेही रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, आणि 1979 पासून जागतिक वारसा. काकूंसाठी दोन जागा. शार्क व्हॅलीला 24 किलोमीटरच्या गोल रस्त्यावर ट्राम फिरवते, दोन तासांची फेरी, मध्ये मनोऱ्याशी थांबते. दुसरी अनहिंगा ट्रेल, जेमतेम सव्वा किलोमीटर, पूर्ण सपाट. तिथे गाडी लावाल तेव्हा ताडपत्री मिळते, ती गाडीवर नक्की घाला. गिधाडं येऊन वायपरचं आणि काचेभोवतीचं रबर ओरबाडून खातात.

खर्चाचं आधीच बघा. 1 जानेवारी 2026 पासून अमेरिकेबाहेरच्या पाहुण्यांना एव्हरग्लेड्स धरून 11 राष्ट्रीय उद्यानांत माणशी 100 डॉलर जादा आहेत. 250 डॉलरचा वार्षिक पासही आहे. राज्याच्या पार्कांना आणि वर सांगितलेल्या बाकीच्या जागांना हा जादा आकार नाही.

गोदाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. भरती-ओहोटीचं तर डोक्यातच आलं नसतं. एक शंका. सोमवार ते शुक्रवार गाडी नाही, मग काय करायचं? आणि नातू चार वर्षांचा आहे, मगरींची भीती कितपत?

सीमा_सातपूर
काका, लेकीच्या कॉलनीत तळं असणारच, पावसाचं पाणी साठवायला तिथे जवळजवळ प्रत्येक वसाहतीत खोदतात. रोज सकाळी खुर्ची घेऊन त्याच्याशी बसा. लाल टोपीचे क्रौंच जोडीने हिरवळीवर फिरतात, शेजारी गाड्या चाललेल्या असतात तरी त्यांचं दाणे टिपणं चालू.

ॲलिगेटर, म्हणजे तिकडची मगर, मात्र अशा तळ्यातही असू शकतो. नातवाला काठाशी सोडू नका, संध्याकाळी अंधारताना तर अजिबात नाही. तो लांब उन्हात पडलेला असेल तर निवांत बघा, पण एव्हरग्लेड्समध्ये 15 फूट अंतर ठेवायचा नियम आहे, तोच सगळीकडे पाळा. त्यांना खायला घालणं गुन्हा आहे. माणसाकडून खायची सवय लागली की तो माणसाजवळ यायला लागतो आणि मग त्याला मारावं लागतं. आणि गवतात वाळूच्या छोट्या ढिगाऱ्यांवर उभं राहू नका, लाल मुंग्यांची वारुळं असतात ती. बूट-मोजे घालूनच फिरा.

गोदाकाठ
टॅम्पाहून लिहितोय. परवा रात्री थंडी पडली, काल शनिवार होता, सकाळी केंद्र उघडताच जावयांनी अपोलो बीचला नेलं. कठड्याखाली राखाडी पाठी एकीला एक लागून. एकीच्या पाठीवर बोटीच्या पंख्याचे चार-पाच समांतर पांढरे व्रण होते आणि तिच्या कुशीला पिल्लू. दर तीन-चार मिनिटांनी नाकपुडी वर यायची, फुस्स करून श्वास, की पुन्हा खाली. नातू तो आवाज काढत घरी आला. सौ. दोन तास एका जागी उभी होती, गुडघ्याचं नावही काढलं नाही.

घरामागच्या तळ्यावर क्रौंच आहेत, सीमाताई. दोन. पुढच्या रविवारी सर्कल बी. डिंग डार्लिंगसाठी ओहोटीचं वेळापत्रक लेकीने फ्रिजवर लावलंय.