पुन्हा: पुन्हा: कॅम कोणता? (अमोल शुक्रवारी निघतोय)

विलास (आर्वी)

मंडळी,
अमोल शुक्रवारी अमेरिकेहून इकडं निघून राहिला म्हणून घाई आहे. कॅमच्या चेनचा टेन्शनर (चेन ताणून धरते तो) पाहायले माझ्या हार्ले स्ट्रीट बॉबचं कॅम कव्हर उघडायचंच आहे, तर कॅमही (व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा) त्यातच बदलून टाकतो. इंजिन ९६ घन इंचांचं, आतून सगळं कंपनीचं. सायलेन्सर आणि एअर फिल्टर तेवढे मोकळे केलेले. डोक्यात दोन आहेत, अँड्र्यूज २१ किंवा एस अँड एस ५१०. शिरीष फोनवर ५८५ म्हणते. तुमच्या सकाळपर्यंत सांगा, म्हणजे ऑर्डर अमोलच्या पत्त्यावर टाकतो.
गिअर ड्राइव्हचा (कॅम चेनऐवजी गिअरनं फिरवायचा) विषय काढू नका. ते मागच्या वेळीच झालं.

शिरीष

५८५. फोनवर सांगितलं तेच इथेही सांगतो, माझं मत बदललेलं नाही. एवढं उघडल्यावर अर्धवट काम कशाला करायचं? कंपनीच्या कॅमवर ९६ चं इंजिन वरच्या आरपीएमला दम टाकतं. तिथे जागा मोकळी करायची असेल तर लिफ्ट हवी, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडायला हवा. आणि आता तुमच्या तालुक्यातूनच समृद्धी जाते. असा रस्ता दाराशी असताना २१ टाकणं म्हणजे निव्वळ काटकसर.
ता. क. गिअर ड्राइव्हबद्दल माझं म्हणणं आजही तेच आहे.

मोरेश्वरकाका

शिरीष, समृद्धीवर दुचाकीले बंदी आहे बाप्पा. ७०१ किलोमीटरचा रस्ता आहे, पण विलासची गाडी त्याच्या पुलाखालूनच जाईल. तो फिरते कुठं? आर्वी ते पुलगाव, आर्वी ते वर्धा, आणि शेतावर. मागं वहिनी. पुढं कापसाच्या गाड्या, ट्रॅक्टर, बकऱ्या. गाडी दोन ते तीन हजार आरपीएमच्या वर जाते कधी? कॅम त्या पट्ट्यासाठी घ्यायचा.

लिफ्टचा आकडा पाहून कॅम निवडू नका. पहिले पाहायचं ते इनटेक व्हॉल्व्ह कधी बंद होते. पिस्टन तळाशी जाऊन वर निघाला तरी व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडाच असते. इंजिन जोरात फिरत असलं तर हवेले वेग असते, ती तरीही आत घुसत राहते, म्हणून उशिरा बंद झालेलं फायद्याचं. हळू फिरत असलं तर पिस्टन तीच हवा उलटी बाहेर ढकलते. २१ तळानंतर क्रँकच्या ३० अंशांवर बंद होते, म्हणजे लवकर. खालून ओढते ती त्याच्यामुळं. ५८५ उशिराचा. त्याले कॉम्प्रेशन वाढवून पाहिजे, आणि विलासचं ९.२ वरच आहे. वरून व्हॉल्व्ह स्प्रिंग बदला, म्हणजे हेड उतरवा. आर्वीत हेडचं काम कोण करून देईल?

शिरीष

काका, मी विस्कॉन्सिनात राहतो. ही इंजिनं मेनोमनी फॉल्सच्या कारखान्यात बनायची, तो माझ्या घरापासून लांब नाही. इथे सगळे ५८५ टाकतात.
बरं, अँड्र्यूजच घ्यायचा तर ५४ घ्या, निदान मधला तरी होईल.

मोरेश्वरकाका

कारखान्याजवळ राहिल्यानं कॅम कळत असता तर बुटीबोरीचे सगळे इंजिनिअर झाले असते.
एस अँड एसचा आकडा लिफ्टचा असते. ५१० म्हणजे ०.५१० इंच, ५८५ म्हणजे ०.५८५. अँड्र्यूजचा तसा नसते, तो त्यांचा नुसता नंबर. २१ ची लिफ्ट ०.४९८ आहे. म्हणून ५४ हा २१ आणि ५८५ च्या मधला, असा हिशोब लावता येत नाई.

सुषमाताई (सचिव)

सर्वांना नम्र आठवण. ही मेल-यादी मंडळाच्या सूचनांसाठी आहे. सामान नेण्या-आणण्याच्या विनंत्या इथे टाकायच्या नाहीत, हे गेल्या वर्षीच्या प्रेशर कुकर प्रकरणानंतर बैठकीत ठरलं आहे. कोजागरीसाठी नावं अजून फक्त तिघांनी दिली आहेत. मसाले दूध किती करायचं ते त्याशिवाय कळणार नाही.

अमोल

सुषमाताई, आमची चार नावं धरा. माझं नका धरू, मी तिकडे असेन.
विलासदादा, सासूबाईंचं सामान भरून एका बॅगेत जेमतेम पाच किलो उरतात. दोन कॅम, पुशरॉड, गॅस्केट बसतील ना? पुशरॉड हातातल्या बॅगेत घेऊ का?

प्रदीप

हातातल्या बॅगेत लोखंडी दांडे घेऊन सिक्युरिटीला उभा राहू नकोस. चेक-इनमध्येच टाक, आणि बिल वर ठेव.

पुलगाव–आर्वी म्हटल्यावर नॅरोगेज आठवली. आम्ही मामाकडे त्याच गाडीनं जायचो. आता ती बंद आहे हे ठाऊक आहे, पण रूळ काढले का कोणी?

विलास (आर्वी)

प्रदीपभाऊ, ब्रॉडगेजचं नाव निघून लय वर्षं झाली. आम्ही एसटीनंच जातो.

काकांचं पटलं. पण एक शंका उरली. २१ लवकर बंद होते म्हणजे सिलिंडरमधला दाब वाढेल. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर असते, आणि पेट्रोल पंपावर मिळते ते. एअर-कूल्ड इंजिन, त्यात मागचं सिलिंडर आधीच जास्त तापते. चढावर गिअर न पाडता पीळ दिला तर पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोकणार नाही का?

प्रशांत (पहिल्यांदाच लिहितोय, गाडीवर काम करतो)

९.२ कॉम्प्रेशनला २१ चालून जातो. तो अशाच जड, कंपनीच्या कॉम्प्रेशनच्या गाड्यांसाठी घेतात. ठोकण्याचं मूळ बहुतेक वेळा मॅपमध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं पेट्रोल आणि इग्निशनचं कोष्टक) सापडतं. सायलेन्सर आणि फिल्टर मोकळे केल्यावर मॅप बदलला होता का? नसेल तर मिश्रण आजच पातळ चालू आहे. त्यात E20 (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल), इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे ते आणखी पातळ होतं. कॅम बदलल्यावर जुन्या मॅपवर गाडी चालवू नका, मॅप बदलायचा फ्लॅश ट्यूनर याच बॅगेतून मागवा. २१ साठी तयार मॅप मिळतो, त्यावरून सुरुवात करायची. भर उन्हात इग्निशन दोन अंश मागे घेतलं तरी चालेल.

५१० सुद्धा स्टॉक स्प्रिंगवर बसतो, पण त्याची मजा वरच्या आरपीएमला. वहिनी मागे असतील तर २१.

गिअर ड्राइव्हबद्दल एकच ओळ, राग मानू नका. क्रँकचं रनआउट (फिरताना किती डुगडुगतो ते) ०.००३ इंचाच्या आत असेल तरच. कव्हर उघडलंच आहे तर डायल लावून मोजा, मग बोला.

शिरीष

रनआउट मोजायचा मुद्दा मी मागच्या वेळीच मांडला होता. जुने मेल काढून बघा.

मोरेश्वरकाका

पोराले कळते. प्रशांत, तू कोणाचा? गाव कोणतं?

विलास, बसवताना दोन गोष्टी पाह्यजो. कंपनीचे पुशरॉड ठराविक लांबीचे असतात, ते अख्खे काढायचे तर टाकी आणि रॉकर बॉक्स उतरवावा लागते. बोल्ट कटरनं कापून काढ आणि ॲडजस्टेबल टाक. ते लांबवताना पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकावर पाहिजे आणि लिफ्टर (कॅमवर टेकून पुशरॉड उचलते तो) कॅमच्या गोल भागावर. ढिलाई संपली की पुशरॉडवाल्यानं सांगितले तेवढे आटे, आणि मग थांबायचं. लिफ्टरमधलं तेल निघून पुशरॉड बोटानं फिरला पाहिजे. तोवर क्रँकले हात लावायचा नाही. लिफ्टर दबलेला नसला तर व्हॉल्व्ह उघडा राहते, आणि तसंच फिरवलं तर ते पिस्टनवर आपटू शकते. तुह्या मेकॅनिकले सांगजो, चहा प्यायले जाय म्हणा.

विलास (आर्वी)

ठरलं. २१, चेन ड्राइव्ह, ॲडजस्टेबल पुशरॉड, ट्यूनर, गॅस्केट. अमोल, ऑर्डर टाकली, गुरुवारी येईल. वजन पाच किलोच्या आतच आहे. आतली बेअरिंगंही मागवली, जुनी परत बसवत नाई. पण ती काढायचा पुलर इकडे कोणापाशीच नाही. तिथं कोणाकडे आहे का?

प्रदीप

मंडळाच्या गॅरेजमध्ये एक होता. गणपतीच्या मखरामागे, निळी पेटी.

सुषमाताई (सचिव)

गॅरेजची किल्ली खजिनदारांकडे असते. त्यांना रीतसर मेल करावा, आणि मखर हलवलं तर परत जागेवर ठेवावं. कोजागरीची नावं सात झाली.

प्रशांत

काका, देवळी. कोजागरीला मी आणि बायको येतोय, ताई. निळी पेटी मीच आत ठेवली होती, पण त्यातला पुलर मोठ्या बेअरिंगचा आहे, याला चालणार नाही. माझ्या दुकानातला उद्या अमोलकडे नेऊन देतो. फक्त परत यायला हवा.