मदत हवी आहे: काळ्या दगडातल्या पांढऱ्या वड्या अ‍ॅनॉर्थाइटच्या का?

मंचरजवळ मामांच्या विहिरीचं खोलीकरण चालू आहे. वर आलेल्या मालात एक काळा दगड सापडला. त्यात पांढुरक्या-हिरवट चपट्या वड्या कशाही विखुरल्यात, सर्वांत लांब साडेतीन सेंटीमीटर. मामा म्हणतात गारगोटी. पण गारगोटी अशी सपाट फुटत नाही.

चाकू ओढला तर चरा पडला नाही, उलट पात्याचीच करडी रेघ उमटली. व्हिनेगर टाकलं, फसफसलं नाही, म्हणजे कॅल्साइट बाद. फुटलेली बाजू उन्हात तिरकी धरली की वहीतल्यासारख्या बारीक समांतर रेघा चमकतात. एक वडी सुटी निघाली, ती ८.१ ग्रॅम भरली. काट्यावर पाण्याची वाटी ठेवून तिच्यात वडी दोऱ्यानं लोंबकळवली, तर वजन ३.० ग्रॅमनं वाढलं. म्हणजे घनता २.७. सोडियमवाल्या अल्बाइटची २.६२, कॅल्शियमवाल्या अ‍ॅनॉर्थाइटची २.७५ च्या आसपास. म्हणून माझा कौल अ‍ॅनॉर्थाइटला. चंद्रावरचं खनिज विहिरीत सापडलं असं भाचीला सांगून बसलोय. शब्द मागे घ्यावा लागेल का?

प्रतिसाद १:
थोडासा. त्या रेघा जुळ्या स्फटिकांच्या, तेव्हा प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार नक्की, म्हणजे अल्बाइटपासून अ‍ॅनॉर्थाइटपर्यंतची खनिज-मालिका. पण काट्यावर विसंबू नका. ३.० च्या जागी २.९ धरलं तर घनता २.७९ येते, ३.१ धरलं तर २.६१. अख्खी मालिकाच त्यात बसली की!

तुमच्याकडचा हा दगड म्हणजे जायंट प्लॅजिओक्लेज बेसॉल्ट, प्लॅजिओक्लेजचे मोठाले स्फटिक असलेला काळा लाव्हाखडक. दख्खनच्या लाव्हाथरांत त्याच्या एका पट्ट्याला मंचरचंच नाव आहे, कसारा घाटातही तो दिसतो. त्यातल्या मोठ्या वड्या सहसा लॅब्राडोराइटच्या, म्हणजे सोडियम-कॅल्शियमच्या जोडीत कॅल्शियमचा वाटा ५० ते ७० टक्के. अ‍ॅनॉर्थाइट म्हणवून घ्यायला ९० च्या वर लागतो. खात्री हवी तर पातळ काप करून ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागेल.

भाचीला सांगा, चंद्रावरच्या खनिजाचा हा जवळचा भाऊबंद. १९७१ मध्ये अपोलो १५ नं आणलेला प्रसिद्ध 'जेनेसिस रॉक' जवळजवळ सगळा अ‍ॅनॉर्थाइटचा. आपल्याकडे तसा खडक तमिळनाडूत, नामक्कल जिल्ह्यातल्या सित्तमपुंडीला आहे. इस्रोनं चाचण्यांसाठी चंद्रावरच्यासारखी माती त्याच खडकापासून केली.

धागाकर्ता:
धन्यवाद! 'भाऊबंद' चालेल. गावातल्या सोनाराकडे ०.०१ ग्रॅमचा काटा आहे, पण तो त्यावर पाण्याची वाटी ठेवू देईल का?