बद्धकोष्ठाचं औषध लॅक्टुलोज बंद केलं की पुन्हा शीचा खडा. पाच वर्षांच्या मुलाचं काय करावं?

काळजीतली आई

मुलगा 5 वर्षांचा, वजन 18 किलो. वाढ व्यवस्थित आहे, खेळतो, जेवतो. शीची तक्रार मात्र पाठ सोडत नाही. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा होते. तीही जाडजूड आणि कडक, कधी वरून लाल रेघ असते. मधल्या दिवसांत पडद्यामागे जाऊन टाचा उचलतो, पाय एकमेकांवर आवळतो, लालबुंद होतो. आम्ही 'जोर लाव' म्हणत राहतो, पण होत काही नाही. डॉक्टरांनी लॅक्टुलोज दिलंय, रात्री 5 मि.ली. देतो. जरा बरं दिसलं की सवय लागू नये म्हणून बंद करतो आणि पुन्हा तेच सुरू होतं. आता तर रोज चड्डीला थोडी पातळ शी लागलेली असते, म्हणजे जुलाब झालेत असं समजून औषध अजिबातच थांबवलंय.

औषधाने आतडी आळशी होतात का? आणि एकाच मुलाला खडाही आणि जुलाबही, हे कसं?

बालविभाग परिचारिका

ताई, आधी त्या पडद्यामागच्या उभं राहण्याबद्दल. तो कुंथत नाहीये, तो शी आत धरून ठेवतोय. कुंथणारं मूल वाकतं, गुडघे पोटाकडे घेतं. टाचा उचलून, ढुंगण आवळून, अंग ताठ करून उभं राहणारं मूल आलेली कळ परतवून लावत असतं. त्या वेळी 'जोर लाव' म्हटलं की तो आणखी घट्ट आवळतो.

हे चक्र सुरू होतं एखाद्या दुखऱ्या शीपासून. आजारपण, प्रवास, शाळेची सुरुवात, काहीही निमित्त पुरतं. एकदा दुखलं की मूल पुढची कळ दाबतं. दाबलेली शी मलाशयात थांबते, मोठं आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं, ती आणखी कडक आणि मोठी होते आणि बाहेर येताना आणखी दुखवते. ती लाल रेघ बहुतेक गुदद्वाराला पडलेल्या बारीक चिरेची असते, तरी डॉक्टरांना एकदा दाखवून खात्री करा.

हे महिनोन्‌महिने चाललं की मलाशय ताणून सैल पडतं. एरवी थोडी शी उतरली तरी कळ येते. सैल पडलेल्या मलाशयात मोठा गोळा बसला तरी मुलाला पत्ता लागत नाही. वरून येणारी ताजी, पातळ शी त्या गोळ्याच्या कडेने झिरपते आणि चड्डीला लागते. ते जुलाब नाहीत, आत साठा आहे याची खूण आहे. नेमकं तेव्हाच औषध थांबवलं की साठा आणखी वाढतो. आणि मुलाला हे खरोखरच कळत नसतं, त्यामुळे चड्डी खराब झाल्याबद्दल रागावणं पूर्ण बंद. मुकाट्याने बदला, स्वच्छ करा, विषय संपवा.

आतडी आळशी होण्याचं म्हणाल, तर लॅक्टुलोज आणि पॉलिइथिलीन ग्लायकॉल ही दोन्ही औषधं आतड्यात पाणी धरून ठेवतात, आतड्याला ढकलत नाहीत. त्यांची सवय लागत नाही. सैल होतं ते दाबून धरलेल्या शीमुळे. मुलांच्या बाबतीत औषध लवकर बंद करणं हीच सगळ्यात जास्त होणारी चूक आहे, औषध जास्त दिवस दिल्याने मुलं अडकत नाहीत.

मात्रा मोजणारा

औषधनिर्माता या नात्याने फक्त हिशोब सांगतो. मात्रा बदलायची ती तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच.

लॅक्टुलोजच्या सिरपमध्ये साधारणपणे 15 मि.ली. ला 10 ग्रॅम औषध असतं. मुलांसाठी मात्रा दिवसाला दर किलोला 1 ते 2 ग्रॅम धरतात. 18 किलोच्या मुलाला कमीत कमी 18 ग्रॅम, म्हणजे सुमारे 27 मि.ली., एकदम किंवा दोन भागांत. तुम्ही देताय 5 मि.ली., म्हणजे सव्वातीन ग्रॅम. औषध लागू पडत नाही असं वाटतंय ते यामुळे. 'ग्रॅम' आणि 'मि.ली.' यांची गल्लत इथे फार होते, डॉक्टरांशी बोलताना बाटली समोर ठेवा.

लॅक्टुलोज आतड्यात आंबतं, त्यामुळे पोटात वारा धरतो. मात्रा वाढवल्यावर पोट फुगून मूल कुरकुरत असेल तर पॉलिइथिलीन ग्लायकॉलबद्दल विचारा. 2014 साली युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या बालपोटविकार संघटनांनी मिळून काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत तेच पहिल्या पसंतीचं आहे. त्यातले आकडे असे:

साठा काढताना: दर किलोला 1 ते 1.5 ग्रॅम रोज, 3 ते 6 दिवस. तुमच्या मुलासाठी 18 ते 27 ग्रॅम.
नंतर रोजची मात्रा: दर किलोला 0.4 ग्रॅमने सुरुवात, म्हणजे 7 ग्रॅमच्या आसपास. मग शी पाहून 0.2 ते 0.8 च्या दरम्यान कमी-जास्त.

पाकिटं वेगवेगळ्या वजनाची येतात, काहींत क्षारही घातलेले असतात. त्यामुळे 'एक पाकीट' हे माप नाही, त्यावर छापलेले ग्रॅम वाचा. पूड सांगितलेल्या पूर्ण पाण्यात विरघळवायची. हे औषध सोबत आलेलं पाणीच धरून ठेवतं. दोन चमचे पाण्यात कालवून चाटवलं तर कामच करणार नाही. पूर्ण विरघळून पाणी निवळ होईपर्यंत ढवळा, नाहीतर तळाशी रवाळ थर राहतो आणि तेवढी मात्रा पेल्यातच जाते. क्षारांची चव मुलाला नको असेल तर पूड आधी पाण्यात पूर्ण विरघळवून मग थंड करा किंवा त्यात रस मिसळा.

खनिज तेलाचं औषध, म्हणजे लिक्विड पॅराफिन, तान्ह्या बाळांना आणि गिळताना ठसका लागणाऱ्या किंवा उलट्या होणाऱ्या मुलांना देऊ नये. ते श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाला इजा होते. औषध नको म्हणून रडणाऱ्या मुलाच्या तोंडात तर ते ओतूच नका.

काळजीतली आई

गोळा काढण्यासाठी एनिमा द्यावा लागेल का? आणि साठा पूर्ण निघाला हे घरी कसं ओळखायचं?

बालविभाग परिचारिका

पोटातून दिलेलं पॉलिइथिलीन ग्लायकॉल साठा काढायला एनिमाइतकंच उपयोगी पडतं. जे मूल आधीच त्या जागेला घाबरलंय त्याला मागून काही देणं शक्यतो टाळायचं. तोंडाने औषध जातच नसेल तर डॉक्टर ठरवतील.

साठा निघतानाचा क्रम लक्षात ठेवा. पहिल्या एक-दोन दिवसांत काहीच न होणं किंवा चड्डी जास्तच खराब होणं, हे होतंच. मग खडे, मग मोठे तुकडे, मग चिखलासारखी शी, आणि शेवटी तपकिरी पाणी ज्यात गुठळी नाही. गुठळ्या येत आहेत तोवर काम झालेलं नाही. पहिली मोठी शी झाली की सगळ्यांना हायसं वाटतं आणि तिथेच मात्रा उतरवली जाते. मागचा साठा मग तसाच राहतो. हे दिवस शाळेला सुट्टी असताना निवडा, संडास जवळ हवा, पोटात कळा येतील हे मुलाला आधी सांगून ठेवा. साठा निघाल्यावर त्याच दिवशी रोजच्या मात्रेवर या, मध्ये खंड नको.

रोजच्या मात्रेचं लक्ष्य ठरवायला ब्रिस्टलचा तक्ता, म्हणजे शीचे प्रकार आकड्यांनी दाखवणारा तक्ता, वापरा. सात प्रकारांपैकी 1 आणि 2 म्हणजे खडा, 4 म्हणजे गुळगुळीत आणि मऊ. या मुलांना काही महिने 4 ते 5 ठेवलेलं बरं, म्हणजे दाबायचं म्हटलं तरी दाबता येत नाही आणि दुखतही नाही. कॅलेंडरवर रोज प्रकाराचा आकडा लिहा. डॉक्टरांना 'बरं आहे' म्हणण्यापेक्षा त्या आकड्यांवरून मात्रा नीट ठरवता येते.

आहारतज्ज्ञ

आहाराबद्दल दोन शब्द. तंतुमय पदार्थ वाढवा हा सल्ला बरोबर, पण वेळ चुकली तर घात करतो. आत गोळा असताना कोंडा किंवा इसबगोल वाढवलं की गोळा आणखी मोठा होतो. आधी साठा काढा, मग आहार. मुलांसाठी सोपं माप: वय अधिक 5, इतके ग्रॅम तंतू रोज. तुमच्या मुलाला 10 ग्रॅम. सालीसकट एक नाशपाती, एक वाटी शिजवलेली डाळ किंवा कडधान्य आणि थोडी भाजी एवढ्यात ते होतात. नाशपाती आणि सुकवलेला आलुबुखारा यांत सॉर्बिटॉल असतं, तेही आतड्यात पाणी ओढतं, म्हणून ही फळं विशेष उपयोगी.

पाण्याबाबत गैरसमज आहे. या वयाला पेयांतून दिवसाला 1 ते 1.4 लिटर पुरे. मूल कमी पीत असेल तर तिथवर आणा. त्यापुढे पाजलेलं पाणी लघवीवाटे जातं, शीत उतरत नाही.

दूध तपासा. अर्ध्या लिटरच्या वर जात असेल तर भूक मरते आणि बाकीचं जेवण राहून जातं. औषध नीट देऊनही गाडी अडली असेल तर डॉक्टर 2 ते 4 आठवडे गाईचं दूध आणि त्याचे सगळे पदार्थ बंद करून पाहायला सांगतात, कारण काही मुलांत दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी मुळाशी असते. हा प्रयोग स्वतःच्या मनाने लांबवू नका. कॅल्शियमची सोय करावी लागते.

काळजीतली आई

दूध जास्तच होतंय, ते कमी करते. संडासात बसायला मात्र तो तयारच नाही. बसवलं तर दोन मिनिटांत उठतो.

बालविभाग परिचारिका

त्याचे पाय लोंबकळतात का ते आधी पाहा. प्रौढांच्या मोठ्या कमोडवर मूल पडण्याच्या भीतीने मांड्या आवळून बसतं आणि त्यासोबत ओटीपोटाच्या तळाचे स्नायूही आवळले जातात. अशा स्थितीत शी उतरणं अवघडच. वर लहान मुलांची बैठक लावा आणि पायाखाली डगमगणार नाही असा पाट ठेवा. उंची इतकी की गुडघे कमरेच्या जरा वर येतील, तळवे पूर्ण टेकतील, पाय फाकलेले राहतील. कोपरं मांड्यांवर टेकून किंचित पुढे झुकायचं. मग साबणाचे फुगे उडवायला द्या. फुंकताना पोट आपोआप पुढे येतं आणि खालचे स्नायू सैल होतात. श्वास कोंडून जोर लावला तर उलटं होतं.

वेळ जेवणानंतर 15 ते 30 मिनिटांनी, कारण पोटात अन्न गेलं की मोठं आतडं हलायला लागतं. रोज दोन-तीनदा, प्रत्येक वेळी 5 मिनिटं, त्याहून जास्त नाही. बक्षीस बसण्याबद्दल द्या, शी झाल्याबद्दल नाही. बसणं त्याच्या हातात आहे, शी होणं अजून नाही. सध्या दुखत असेल तर आठवडाभर नुसतं कपड्यांसकट बसू द्या. शाळेत कळ आली तर हात वर न करता बाहेर जाता येईल अशी परवानगी शिक्षकांकडून घेऊन ठेवा. कितीतरी मुलं शाळेतच दाबायला शिकतात.

मात्रा मोजणारा

औषध कधी उतरवायचं ते राहिलं. रोजची मात्रा निदान 2 महिने, आणि त्यात सगळ्या तक्रारी थांबून सलग एक महिना झालेला हवा. मग हळूहळू उतरवायची. उदाहरणार्थ 7 ग्रॅमवरून साडेपाच, दोन-तीन आठवडे थांबायचं, कॅलेंडर पाहायचं, मग चार. कॅलेंडरवरचा ब्रिस्टलचा आकडा 3 च्या खाली घसरला किंवा तो पुन्हा टाचा उचलू लागला की त्याच दिवशी आधीच्या मात्रेवर परत. ज्या मुलांची तक्रार जुनी असते त्यांना सहा महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. तेवढी मनाची तयारी ठेवा.

बालविभाग परिचारिका

यात एक भर. पुढचं काही दिसलं तर मात्रेचा खेळ न करता लगेच डॉक्टरांकडे: हिरवी उलटी, ताठ फुगलेलं पोट, ताप आणि शी पूर्ण बंद, चीर नसताना रक्त, वजन न वाढणं, पायांत अशक्तपणा किंवा चालण्यात बदल, कमरेखाली मणक्यावर खळगा किंवा केसांचा झुबका. जन्मल्यावर पहिली शी 48 तासांपलीकडे झाली असेल किंवा पहिल्या महिन्यातच बद्धकोष्ठ सुरू झाला असेल तर तेही नक्की सांगा. अशा वेळी आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जातंतूंच्या पेशी नसण्याचा आजार आहे का ते तपासावं लागतं. दिवसा लघवी गळणं किंवा पुन्हा अंथरूण ओलं होणं हेही सांगा, भरलेलं मलाशय मूत्राशयावर दाबतं आणि लघवीचा संसर्ग वारंवार होऊ शकतो.